भगिनी नव्हे, विहीण!

‘भगिनी’ हा शब्द आपण भाषणाच्या पहिल्या वाक्यात वापरतो आणि पुढे विसरून जातो. भगिनी शहरांचंही, म्हणजे मैत्रीचा करार केलेल्या दोन देशांतल्या शहरांचंही, तेच होतं. करार होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो आणि भगिनी फायलीत जाऊन बसते. हसताय, म्हणजे इथे पालिकेतून निवृत्त झालेली मंडळी बरीच दिसतात.

भगिनी शहरांना कोरियन लोक ‘जामे दोशी’ म्हणतात. दोशी म्हणजे शहर. आपले दोशी वेगळे. ‘जा’ म्हणजे थोरली बहीण, ‘मे’ म्हणजे धाकटी. थोरली कोण, धाकटी कोण, ते मात्र करारात कोणी लिहीत नाही. पण अयोध्या आणि दक्षिण कोरियातलं गिम्हे यांना मुळात बहिणी म्हणणंच मला पटत नाही. एकीची लेक दुसरीकडे दिलेली आहे. मग त्या विहिणी झाल्या! हे मी एका कार्यक्रमात आयोजकांना सांगितलं, तर ते म्हणाले, कोनशिला कोरून झाली आहे.

लग्नाची गोष्ट तुम्ही ऐकलेलीच असेल. ‘आयुता’ (म्हणजे अयोध्या, असं मानतात) देशाची सोळा वर्षांची राजकन्या हो ह्वांग-ओक इसवी सन 48 मध्ये जहाजाने गाया या आताच्या गिम्हेच्या जागी असलेल्या राज्याच्या किनाऱ्याला लागते आणि तिथल्या राजा सुरोशी तिचं लग्न होतं. पण त्याआधीचं ऐका. ती निघाली तेव्हा समुद्र खवळला, पोरगी अर्ध्यातून माहेरी परत आली. बापाने जहाजात दगडी स्तूप चढवून दिला, मग समुद्र निवला. म्हणजे रुखवतात दगड! ते ‘पासा’ दगड गिम्हेत तिच्या थडग्याशेजारी एकावर एक रचलेले आहेत.

पुढे किनाऱ्यावर राजाने तिला आणायला आपले नऊ सरदार पाठवले. बाई जागची हलेना. तुमची माझी ओळख ना पाळख, अशी कशी तुमच्या मागून येऊ, हा तिचा सवाल. (मागच्या रांगेतल्या काकू मान डोलावताहेत.) तिचंच बरोबर, हे राजालाही पटलं. तो स्वतः बाहेर पडला, डोंगराच्या कडेला तंबू ठोकून वाट बघत बसला. मग तिने अंगावरचा रेशमी पायजमा उतरवून डोंगराच्या देवाला वाहिला आणि ती पुढे आली. मानपान म्हणतात तो हा. आपल्याकडे कारल्याची भाजी चुकली म्हणून पंगती उठल्या आहेत, तिथे हिने फक्त राजाला चालायला लावलं. मुलं दहा झाली, त्यातल्या दोघांना आईचं आडनाव ‘हो’ मिळालं, बाकीच्यांना बापाचं ‘किम’. म्हणून गिम्हेचे किम आणि गिम्हेचे हो परंपरेने आपसात लग्न करत नाहीत. सगोत्र!

2001 साली शरयूकाठी तिचं स्मारक झालं. त्याची शिळा कोरियाहून आली. हा परतीचा आहेर. 2018 मध्ये दक्षिण कोरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जंग-सूक अयोध्येत दीपोत्सवाला आल्या. हा दिवाळसण, दोन हजार वर्षं थकलेला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि पत्रिकेत तर विषय छापलाय, ‘ही कथा खरी का?’

तर भराभर. ही कथा ज्या ‘सामगुक युसा’त आहे, तो ग्रंथ इर्योन या भिक्षूने तेराव्या शतकात रचला. घटनेनंतर बाराशे वर्षांनी. त्याच ग्रंथात राणी 157 वर्षं जगते आणि राजा सोन्याच्या अंड्यातून निघतो. ज्या काळातली गोष्ट, तेव्हा अयोध्येला साकेत म्हणत. ‘आयुता’ म्हणजे थायलंडचं अयुथ्या म्हणावं, तर ते चौदाव्या शतकात वसलं, ग्रंथाच्याही नंतर. कोणी तमिळ किनारा सांगतं, कोणी चीनमधलं सिचुआन. पुरावा कोणाकडेच नाही. मला विचाराल तर सोयरीक पक्की, फक्त मुलीचं गाव नक्की नाही.

मुंबईचं राहिलं. मुंबई आणि दक्षिण कोरियातलं बुसान 1977 पासून भगिनी आहेत, कोणाला आठवतं का? बुसानला विमानाने गेलात तर उतराल त्या विमानतळाचं नाव गिम्हे. तिथून लाइट रेल धरा. वाटेत सुरो राजाच्या थडग्याचं स्टेशन येतं. जावईबापूंचं. हो हो, उतरलो.