नकाशा तुमचा, पण त्यामागच्या डेटाबेसचे काय?

नमस्कार. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या जगाच्या खुल्या नकाशाचा, डेटा वापरून तुम्ही एखादा नकाशा छापला, तर तो विकता येतो का, आणि त्यावर स्वतःचे हक्क राखता येतात का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या नकाशासाठी तुम्ही जो डेटाबेस तयार केला असेल त्याला हे उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते.

२००४ साली सुरू झालेला हा प्रकल्प आधी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपली कृती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या, परवान्याखाली होता. तो परवाना लेख-छायाचित्रांसारख्या कृती डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला असल्याने, आणि निव्वळ तथ्यांच्या संग्रहाला मिळणारे कायदेशीर संरक्षण देशोदेशी वेगळे असल्याने, सप्टेंबर २०१२ मध्ये प्रकल्पाने ओपन डेटाबेस लायसन्स, म्हणजेच ओडीबीएल, स्वीकारले.

या परवान्यात चित्र आणि डेटाबेस यांचे नियम वेगळे आहेत. छापील नकाशा किंवा पडद्यावरची प्रतिमा तुम्ही हव्या त्या अटींवर प्रसिद्ध करू शकता. फक्त डेटा ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा असून तो ओडीबीएलखाली उपलब्ध आहे, हे वाचकाला दिसेल असे नमूद करावे लागते.

आता रुग्णालयांचे उदाहरण घेऊ. ओपनस्ट्रीटमॅपमधील रुग्णालयांची यादी घेऊन तुम्ही तिच्यातील नावे दुरुस्त केलीत, राहून गेलेली रुग्णालये स्वतःच्या नोंदींतून भरलीत आणि ती एकत्रित यादी लोकांसमोर आणलीत, तर ती साधित डेटाबेस, म्हणजे मूळ डेटाबेसमध्ये बदल करून तयार झालेला नवा डेटाबेस, ठरते व तिला ओडीबीएलच लागू होते. याउलट, सगळी रुग्णालये तुमच्याच नोंदींतली असतील आणि खालचे रस्ते तेवढे ओपनस्ट्रीटमॅपचे असतील, तर दोन स्वतंत्र संग्रह शेजारी ठेवल्यासारखे होते. तुमच्या नोंदी तुमच्याच अटींवर राहतात. माझ्या मते हा फरक कामाला हात घालण्यापूर्वीच तपासावा, कारण एकदा मिसळलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करणे फार जिकिरीचे असते.

संस्थेच्या आतल्या आत वापर असेल, तर साधित डेटाबेस इतरांना देण्याचे बंधन नाही. ते येते सार्वजनिक वापरासोबत, आणि अशा डेटाबेसवरून काढलेले केवळ चित्र प्रसिद्ध केले तरीही येते. तेव्हासुद्धा संपूर्ण डेटाबेसच दिला पाहिजे असे नाही: केलेल्या सर्व बदलांची फाइल, किंवा ते बदल ज्या पद्धतीने केले ती पद्धत, उदाहरणार्थ त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम, मागणाऱ्याला उपलब्ध करून दिला तरी परवान्याची अट पूर्ण होते.