दोर ताणला गेला पाहिजे

मंडळी, या टेबलावर दोन दोर ठेवलेत. दोन्ही काळे, दोन्ही अंगठ्याएवढे जाड. एक पॉलिएस्टरचा, दुसरा नायलॉनचा. दुकानात शेजारी शेजारी टांगले तर फरक कळणार नाही. रुतलेली गाडी काढताना मात्र दोघांचं वागणं अगदी वेगळं असतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सह्याद्रीत दोर हाताळलाय. रॅपलिंगला आपण स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा दोर घेतो, कडा चढताना डायनॅमिक, म्हणजे ताणणारा. चढणारा सुटला तर दोराने त्याला हळूहळू थोपवावं लागतं, नाहीतर त्या हिसक्याने शरीराला इजा होते. गाडीचंही तेच आहे. समजा, ओढणारी गाडी २ टनांची आहे आणि दोर ताठ होईपर्यंत तिने ताशी १० किलोमीटरचा वेग घेतला. तेवढ्यात तिच्यात साधारण ७,७०० ज्यूल ऊर्जा येते. पॉलिएस्टरसारखा फारसा न ताणणारा पट्टा तिला १० सेंटिमीटरमध्ये थांबवू लागला, तर सरासरी जोर जवळजवळ ८ टनांचा पडतो. नायलॉनचा दोर एक मीटर ताणला गेला, तर तोच जोर पाऊण टनाच्या आसपास येतो. शिवाय ताणलेला दोर आखडताना रुतलेल्या गाडीला ओढत राहतो. चिखलाची पकड सुटते ती या सलग ओढीने.

असा ताणून ओढणारा नायलॉनचा दोर म्हणजे कायनेटिक दोर. चांगला असेल तर तो ३० टक्क्यांपर्यंत ताणतो, त्याच कामाचा सपाट विणलेला पट्टा, म्हणजे स्नॅच स्ट्रॅप, २० टक्क्यांच्या आसपास. मी स्वतः दोरच घेतो.

आता किती टनांचा घ्यायचा? दुकानात आपण म्हणतो, सगळ्यात मोठा द्या. माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. दोर तुमच्या गाडीच्या वजनाने ताणला गेला पाहिजे. २२ मिलिमीटरचा दोर साधारण १३ टनांना तुटतो. तो जिम्नीसारख्या हलक्या गाडीला लावलात तर जेमतेम ताणेल आणि सगळा हिसका चॅसीला बसेल. ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांच्या अपघातांत माणसं दगावली आहेत. तिथे पट्ट्यावर धोक्याची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथला हिशेब असा: दोन गाड्यांपैकी हलकी धरायची आणि तिच्या पूर्ण भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट तुटण्याची मर्यादा असलेला पट्टा घ्यायचा. जिम्नीचं भरलेलं वजन १,५४५ किलो, म्हणजे ३.१ ते ४.६ टन. सव्वादोन टनांच्या गाडीला साडेचार ते पावणेसात टन. आपण पावसात फिरणारी माणसं. भिजलेल्या नायलॉनची ताकद दहाएक टक्के कमी होते, म्हणून मी तिपटीकडे झुकतो.

लेबल वाचताना एक घोळ हमखास होतो. दोरावर तुटण्याची मर्यादा लिहिलेली असते, शॅकलवर, म्हणजे दोर गाडीला अडकवायच्या कडीवर, सुरक्षित भार. ४.७५ टनांचा लोखंडी बो शॅकल ४.७५ टनांना तुटत नाही, त्याची तुटण्याची मर्यादा कितीतरी पट जास्त असते. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. जमेल तिथे सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराचाच बनवलेला शॅकल वापरा. हलका असतो, आणि उडाला तरी लोखंडासारखा मारत नाही.

लोखंड उडतं म्हणजे काय होतं, ते मी पाहिलंय. मुळशीकडे भाताच्या खाचरालगतच्या वाटेवर मित्राची गाडी दारापर्यंत रुतली होती. दोर उत्तम होता. मी तो तिच्या बंपरमध्ये पेचाने बसवायच्या गोल कडीला लावला. ती कडी सपाट रस्त्यावर गाडी हळू ओढत न्यायला दिलेली असते, हिसक्यासाठी नाही. दुसऱ्या ओढीला फट्‌ असा आवाज आला. कडी पेचासकट उपटून आली आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचं कव्हर फोडून आत रुतून बसली. मित्राचा धाकटा भाऊ दोन मिनिटांपूर्वी तिथेच उभा राहून फोनवर फोटो काढत होता. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. तो कशासाठी तरी आपणहून हलला होता.

तेव्हापासून चॅसीला पक्का बसवलेला, रुतलेली गाडी काढण्यासाठीच बनवलेला हुक दिसला नाही, तर मी दोर बाहेरच काढत नाही. दोराच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही. ९ मीटरचा दोर असेल तर साडेतेरा मीटर, तेही बाजूला, दोराच्या रेषेत नाही. दोन दोर जोडायला मधे लोखंडी शॅकल घालायचा नाही, गाठही मारायची नाही. गाठीने ताकद निम्म्यावर येऊ शकते.

आणि आधी फावडं. चाकापुढची माती काढा, टायरची हवा कमी करा. निम्म्या वेळा दोर लागतच नाही.

लागलाच, तर दोन-तीन ओढींनंतर त्याला विश्रांती द्या. नायलॉन तापतं, आणि पुन्हा मूळ लांबीला यायला त्याला वेळ लागतो. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. चिखलातले बारीक कण आत राहिले की प्रत्येक ताणाबरोबर धागे कापत जातात.

हा माझा जुना दोर मागच्या रांगेपर्यंत फिरवा. दोराच्या टोकाच्या फाशापासून साधारण हातभर अंतरावर अंगठा दाबून फिरवा. एके ठिकाणी कडक, गुळगुळीत लागेल. बंपरच्या कडेवर घासून तिथलं नायलॉन वितळलंय. नुसतं बघून दिसत नाही. हा मी आता वापरत नाही.