एक ढग ऐरोलीवरून गेला

श्रावणातली दुपार, ऐरोलीतल्या एका सोसायटीची गच्ची. पारसिकच्या डोंगरावर अजून लख्ख ऊन आहे, पण खाडीकडून एक ढग निघालाय. आता गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या त्या इन्व्हर्टरच्या आकड्याकडे बघा, आत्ता किती वीज तयार होतेय ते तो सांगतो. 18 किलोवॅट... 17... आला ढग... 11... 6... 4. हा व्हिडिओ आम्ही फास्ट केलेला नाहीये बरं का, एवढ्याच वेळात झालंय!

आणि हे टॉवर बघताय ना, राज्याच्या विजेचा हिशोब ठेवणारं लोड डिस्पॅच सेंटर पण ऐरोलीतच आहे. हिशोब म्हणजे काय, तर जेवढी वीज लागतेय तेवढीच त्या क्षणाला तयार व्हायला हवी, तरच फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे, 50 हर्ट्झच्या आसपास राहते. म्हणून दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 ब्लॉक पाडतात आणि कुठल्या ब्लॉकला कोण किती वीज देणार ते आदल्या दिवशीच ठरतं. कोळशावाला सांगेल हो, पण ऊन-वाऱ्याचं कोण सांगणार?

ही साताऱ्याची पवनचक्क्यांची चाळकेवाडी, इथं वारा सेकंदाला 8 मीटरवरून 6 वर आला तर आपल्याला गालावर फरकही कळणार नाही, पण वीज थेट निम्म्याच्या खाली जाते, कारण ती वेगाच्या घनाच्या हिशोबात वाढते आणि घटते. म्हणजे अंदाज वाऱ्यात थोडा चुकला की विजेत भरपूर चुकतो.

ढगांचं वेगळंच. इन्सॅटसारखा हवामानाचा उपग्रह साधारण अर्ध्या तासाने फोटो काढतो. ढग ताशी 36 किलोमीटरने चाललाय असं धरा, म्हणजे ऐरोलीवरचा ढग पुढचा फोटो येईपर्यंत कल्याणला पोचलेला असतो! मधल्या वेळेत काय झालं ते फक्त खालून दिसतं. म्हणून हा गोल भिंगाचा कॅमेरा, आभाळाकडे तोंड करून ठेवलेला, ढग कुठल्या दिशेने सरकतोय ते बघून पुढच्या दहा-पंधरा मिनिटांचं सांगू शकतो.

आणि खरं सांगू का, अर्धी माहिती तर या गच्चीवरच पडून आहे. हा आकडा सेक्रेटरीकाकांच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपवर जातो, काका तो रोज ग्रुपवर टाकतात, पण ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, सांभाळणाऱ्यांना तो त्या क्षणी दिसत नाही. पॅनेलची वीज घटली की सोसायटी तेवढी ग्रिडमधून घेते. त्यांना एवढंच दिसतं की ऐरोलीची मागणी अचानक वाढली. गच्च्यांवरचे पॅनेल वाढतायत, मग हे आकडे त्यांच्यापर्यंत पोचवायला काय हरकत आहे?

अंदाज चुकला की कोयनेचं पाणी सोडा, कोळशाचे संच जास्तीचे चालू ठेवा, नाहीतर उन्हाची आलेली वीज बंद करा, शिवाय दंड असतोच.

हा बघा, सरकला ढग. 9... 14... 17.

आणि खाडीवर दुसरा दिसतोय.