थंडीत तपकिरी चरबी काय जाळते?

अंगाला गारवा जाणवला की त्वचेतील चेतातंतू ती वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे पोहोचवतात. तिथून निघालेला आदेश अनुकंपी चेतासंस्थेमार्फत मानेच्या तळाशी, कण्याच्या कडेने आणि मूत्रपिंडांभोवती असलेल्या तपकिरी चरबीपर्यंत जातो, आणि स्नायू थरथरू लागण्यापूर्वीच तिथे उष्णता निर्माण होऊ शकते. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर यांनी १५५१ मध्ये मार्मोट या प्राण्याच्या शरीरातील या ऊतीचे वर्णन केले, तेव्हा ती त्यांना ना धड चरबी, ना धड मांस अशी वाटली होती. पुढे जे कळत गेले, ते पाहता हे निरीक्षण बरेच नेमके म्हणावे लागेल.

पांढऱ्या चरबीच्या पेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो. तपकिरी चरबीच्या पेशीत मात्र असंख्य बारीक थेंब असतात आणि त्यांच्या अवतीभवती तंतुकणिकांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची, दाटी असते. त्यांतील लोहयुक्त प्रथिनांमुळेच या ऊतीला तिचा रंग येतो. चेतातंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन स्रवले की पेशीतील विकर थेंबांमधील ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे साठवलेल्या मेदाचे, विघटन करतात आणि मेदाम्ले मोकळी होतात. ही मेदाम्ले इंधन तर आहेतच, शिवाय तंतुकणिकेच्या आतल्या पटलातील यूसीपी-१ हे प्रथिन कार्यान्वित करणारी किल्लीही तीच आहेत. एरवी या पटलाच्या एका बाजूला साठलेले प्रोटॉन परत येताना एटीपी हा ऊर्जेचा रेणू तयार होतो. यूसीपी-१ त्यांना दुसरी वाट करून देते. धरणाचे पाणी जनित्राकडे न वळवता सांडव्यातून सोडावे, तशी ती ऊर्जा एटीपीत न साठता उष्णता होऊन बाहेर पडते.

इथपर्यंतची हकिकत ऐकून तपकिरी चरबी स्वतःलाच जाळते असे वाटते. तसे सांगितलेही जाते, पण ते अर्धेच खरे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, तपकिरी पेशींमधील साठ्याचे विघटन जनुकीय बदलाने बंद केलेले उंदीरही थंडीत शरीराचे तापमान टिकवू शकले, कारण पांढऱ्या चरबीतून सुटलेली मेदाम्ले रक्तावाटे तिथे पोहोचत होती. पांढऱ्या चरबीतील विघटनही बंद केले, तेव्हा मात्र अन्न मिळत होते तोवरच त्यांनी तग धरला. उपाशीपोटी त्यांना थंडी झेपली नाही.

थंडीत तपकिरी चरबी रक्तातूनही मेद ओढून घेते. तिच्या केशवाहिन्यांमध्ये लायपोप्रोटीन लायपेज हे विकर अधिक सक्रिय होते आणि रक्तातून वाहणाऱ्या ट्रायग्लिसराइडच्या कणांमधील मेदाम्ले सोडवून पेशींच्या हवाली करते. थोडा काळ थंडीत ठेवलेल्या उंदरांच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड यामुळे झपाट्याने कमी होतात, हे २०११ मध्ये दाखवले गेले. यकृतही यात सहभागी असते: पांढऱ्या चरबीकडून आलेल्या मेदाम्लांपासून ते ॲसिलकार्निटिन (मेदाम्ल आणि कार्निटिन यांची संयुगे) तयार करून रक्तात सोडते आणि तपकिरी चरबी त्यांचाही इंधन म्हणून वापर करते. विशेष म्हणजे थंडीची सवय झालेल्या उंदरांच्या तपकिरी चरबीत मेदाचे ज्वलन आणि ग्लुकोजपासून नव्या मेदाची निर्मिती, ही दोन्ही कामे एकाच वेळी वाढलेली आढळतात. वरवर हा उधळेपणा वाटला, तरी साठा रिता होऊ न देण्याची ती सोय असावी.

प्रौढ माणसांमध्येही कार्यक्षम तपकिरी चरबी असते, हे २००९ मध्ये पेट-सीटी प्रतिमांवरून निर्विवाद सिद्ध झाले. गंमत अशी, की त्या प्रतिमा ग्लुकोजसदृश किरणोत्सारी पदार्थ वापरून घेतलेल्या होत्या. मेद जाळणाऱ्या ऊतीची ओळख पटली ती तिने उचललेल्या साखरेवरून. माणसातील मेदाच्या वाटा शोधणे त्याहून अवघड आहे. एका प्रयोगात स्वयंसेवकांना निकोटिनिक आम्ल देऊन पेशींमधील मेदाचे विघटन रोखण्यात आले. हे औषध पांढऱ्या चरबीवरही परिणाम करते, त्यामुळे नेमका कोणता साठा अडला, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. परिणाम मात्र स्पष्ट होता: थंडीत त्यांच्या तपकिरी चरबीतील ज्वलन मंदावले आणि स्नायूंची थरथर वाढली.