तांबं भरपूर, तरी पेशी उपाशी

पत्रिकेत विषय छापलाय, मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या, एन्झाइमपर्यंत तांबं कसं पोचतं. पण मघाशी दारातच तिघांनी गाठलं, तांब्याच्या कळशीतलं पाणी प्यावं का म्हणून, तेव्हा आधी खुलासा. तांब्याच्या कळशीतलं पाणी खुशाल प्या. 'ते तांबं थेट मायटोकॉन्ड्रियात जाऊन ऊर्जा वाढवतं' हा जो फॉरवर्ड रोज सकाळी येतो, त्याच्यावर माझा राग आहे. पोटात जाणं वेगळं, कामाच्या जागी पोचणं वेगळं.

मेलबर्नची गोष्ट ऐका. 1962 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन मेंकीस यांनी एक आजार नोंदवला. एकाच घराण्यातले मुलगे, मेंदू खालावत जाणारा, केस पांढुरके, राठ, पिळवटलेले. पुढे मेलबर्नमध्ये डेव्हिड डँक्स या बालरोगतज्ज्ञांनी असे केस पाहिले आणि त्यांना आठवल्या मेंढ्या. हसू नका! ऑस्ट्रेलियात कित्येक ठिकाणी जमिनीतच तांबं कमी. तिथल्या मेंढ्यांच्या लोकरीचा कुरळेपणा जातो, काळी मेंढी असली तर लोकरीचा रंगही उडतो. रंग बनवणाऱ्या एन्झाइमलाही तांबं लागतं ना. 1972 मध्ये डँक्स यांनी दाखवलं की या मुलांच्या रक्तात तांबं फार कमी आहे. मग आतड्याच्या पेशी तपासल्या, तर तिथे तांबं साचलेलं! कोठीघर भरलेलं आणि पंगत उपाशी. पेशीतून तांबं पुढे ढकलणारा एटीपी7ए हा पंपच बिघडलेला, हे कळायला मात्र 1993 उजाडलं.

घड्याळ दाखवू नका हो, येतोय मुद्द्यावर.

मोकळं तांबं पेशीत धुमाकूळ घालतं. म्हणून पेशी ते मोकळं सोडतच नाही. 1999 मध्ये यीस्टवर हिशोब झाला, तेव्हा पेशीमागे मोकळा अणू एकसुद्धा भरला नाही. सगळं प्रथिनांच्या हातातून हातात. जायचं कुठे? मायटोकॉन्ड्रियातल्या त्या एन्झाइमकडे, सायटोक्रोम सी ऑक्सिडेजकडे. श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी तिथे होतं. त्याला तांब्याचे तीन अणू लागतात, दोन त्याच्या कॉक्स2 या भागात, एक कॉक्स1 मध्ये. 1996 मध्ये कॉक्स17 हे प्रथिन सापडलं आणि वाटलं, बाहेरून तांबं आणणारं हेच. 2004 मध्ये डेनिस विंज यांच्या गटाने ते मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पटलांपैकी, म्हणजे पातळ आवरणांपैकी, आतल्यालाच बांधून टाकलं, तरी काम बिनबोभाट चालू! म्हणजे बाहेर फेऱ्या मारायची त्याला गरजच नाही. ते दोन पटलांमधल्या जागेत स्को1 आणि कॉक्स11 या प्रथिनांच्या हाती तांबं देतं; स्को1 ते कॉक्स2 ला पोचवतं, कॉक्स11 कॉक्स1 ला. साठा असतो त्याहून आत, मॅट्रिक्स नावाच्या गाभ्यात, आणि तिथे तांबं नेणारा एसएलसी25ए3 हा प्रथिन-हमाल फॉस्फेटचीही ने-आण करतो.

शेवटचं, उभ्या उभ्या. एलेस्क्लोमोल हे कॅन्सरवरच्या चाचणीत फसलेलं औषध. टेक्सासमध्ये विशाल गोहिल यांच्या प्रयोगशाळेने त्याच्याकरवी तांबं मायटोकॉन्ड्रियात पोचवलं. 2020 मध्ये मेंकीससारखा आजार असलेली उंदरांची पिल्लं त्याने जगली. तेच औषध तांब्याचा मारा करून कॅन्सरच्या पेशी कशा मारतं, ते 2022 मध्ये उलगडलं; पण त्याला वेगळा तास लागेल, आणि आयोजक आता माईककडे यायला निघालेत.