पंधराचं बजेट: नवीन घराचं एनर्जीचं गणित कुठे बसतं आणि कुठे फसतं

(घर बांधणारे आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी यांच्यासमोर पुण्यात दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून.)

नमस्कार. आधीच सांगते, माझा धंदा दुसऱ्यांच्या प्लॅनमध्ये उष्णता किती येते ते मोजायचा, त्यामुळे मला बोलावतात तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. शटरिंगची ऑर्डर गेलेली असते, ब्रोशरवर एलेव्हेशनचा, म्हणजे बिल्डिंगच्या दर्शनी बाजूचा फोटो छापलेला असतो आणि मग फोन येतो, मॅडम तेवढं एनर्जीच्या सर्टिफिकेटचं बघा ना. आज बोलायचंय ते याच फोनबद्दल, की तो इतका उशिरा का येतो.

आपल्याकडे घरांसाठी जो ऊर्जा वाचवायचा कोड आहे त्याचं नाव इको निवास संहिता, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये आणली, बनवली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने, म्हणजे तेच ते एसीवर स्टार लावणारे. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या घरांसाठी ती लिहिली आहे. पुढे २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला आणि १०० किलोवॉट कनेक्टेड लोडच्या (विजेच्या मंजूर जोडणीच्या) वर असलेल्या रहिवासी इमारतीसुद्धा कायद्याच्या कक्षेत आल्या, राज्याला वाटलं तर ही मर्यादा आणखी खाली आणता येते. त्यामुळे "हे ऑफिस आणि मॉलवाल्यांसाठी असतं हो" हे वाक्य आता चालत नाही.

कोडमध्ये एक आकडा आहे, १५. भिंती आणि खिडक्या मिळून बाहेरच्या आवरणाच्या दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत यायला नको, याला आरईटीव्ही म्हणतात. छत यात नाही, त्याचा नियम वेगळा. मी याला घरखर्चासारखं बघते, पंधरा रुपये हातात आहेत, भिंत किती खाणार, काच किती खाणार, बघा.

करून बघू, फोन काढा. बाहेरचं आवरण १०० चौरस मीटर धरा, त्यातली ८० भिंत, २० साधी काच. कोडमधल्या हवामानाच्या गटांपैकी आपण उष्ण-दमट गटात येतो, हो, पुणं कोडमध्ये मुंबईच्याच गटात आहे, पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये. या गटात भिंतीसाठी गुणक ५.१५ आहे, काचेतून नुसती वाहून येणारी उष्णता १.३१ आणि काचेतून थेट येणारं ऊन ६५.२१. पासष्ट! भिंतीच्या पाचासमोर पासष्ट. दिशेचा गुणक सध्या सोपं जावं म्हणून एक धरू.

आता भिंत. हल्ली उंच बिल्डिंगमध्ये सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्क, साइटवर सगळे त्याला मिवानच म्हणतात, स्लॅब आणि भिंत एकदम काँक्रीटमध्ये ओततात, फास्ट काम. अशा सहा इंची काँक्रीटच्या भिंतीची यू-व्हॅल्यू म्हणजे उष्णता सोडायचा वेग ३.६ च्या आसपास. ८० टक्के भिंत, गुणिले ३.६, गुणिले ५.१५... किती आलं? १४.८. म्हणजे पंधरातले पावणेपंधरा भिंतीनेच खाल्ले आणि खिडकी अजून बसायचीय. साध्या काचेचा उन्हाचा गुणांक, म्हणजे पडलेल्या उन्हातलं किती आत येतं, तो ०.८ धरला तर काचेचं ऊन १०.४, वाहून येणारं दीड, बेरीज २६.७. नापास, तेही काठावर नाही.

तीच भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची केली, तो हलका, फ्लाय अ‍ॅशचा, पाण्यात तरंगणारा ब्लॉक, तर यू-व्हॅल्यू ०.७७ आणि भिंतीचा खर्च ३.२. सगळं मिळून १५.१. एका दशांशाने नापास. नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण २ धरली तर बेरीज वीस. म्हणजे आजोबांच्या काळची वीटसुद्धा एकटी पास होत नाही हे लक्षात घ्या, "जुनं ते सोनं" इथे पूर्ण खरं नाही.

मग वाचवायचं कुठे? पासष्टवाल्या लायनीत. काचेवर ऊन पडूच दिलं नाही तर. खिडकीवर बऱ्यापैकी छज्जा काढला, दोन्ही बाजूंना फिन्स म्हणजे उभ्या पट्ट्या दिल्या आणि काचेचा उन्हाचा गुणांक ०.८ वरून ०.५५ ला आला तर १०.४ चे ७.२ होतात आणि एएसीची भिंत बारावर आरामात पास. भारी काच न घेता! पण आताच्या एलेव्हेशनला छज्जा चालत नाही, गुळगुळीत पाहिजे, दुबईसारखं. मग छज्जा काढून टाकायचा आणि त्या बदल्यात महागडी काच विकत घ्यायची.

दिशेचं पण सांगते. उत्तरेचा गुणक ०.६५९ आणि पश्चिमेचा १.१५६, म्हणजे तीच खिडकी उत्तरेकडून पश्चिमेला फिरवली की ऊन पावणेदोन पट. स्केचवर पेन्सिलने खिडकी इकडून तिकडे करायला किती लागतं? फुकट. पाया भरल्यावर किती लागतं ते तुम्हीच सांगा.

इथे एक गंमत आहे, जिच्यात माझे अर्धे क्लायंट अडकतात. काच कमी करा म्हणून सांगितलं की ते खिडकीच छोटी करतात. पण तोच कोड म्हणतो की उष्ण-दमट भागात उघडणारी जागा कार्पेट एरियाच्या १६.६६ टक्के तरी पाहिजे, साधारण एक षष्ठांश, कारण वारा खेळला तरच घाम सुकतो. आणि आपली लाडकी दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, म्हणून कोड तिला अर्धीच धरतो! तीन ट्रॅकची दोन तृतीयांश, बिजागरीची उघडी खिडकी ९० टक्के. म्हणजे स्लायडिंगच्या जागी बिजागरीवाली लावली की तेवढ्याच काचेत जवळजवळ दुप्पट वारा. बाल्कनीत उघडणारं दारही मोजतात, पण बाल्कनी उघडी असेल तर. आता आपल्याकडे पझेशन मिळालं की पहिलं काम काय? बाल्कनी बंद करून रूममध्ये घेणे. मी पण केलंय, माझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये, तेव्हा अक्कल नव्हती. वारा गेला, सावली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात एसी आला.

छताचं पटकन सांगते. यू-व्हॅल्यूची मर्यादा १.२, नुसता स्लॅब त्याच्या दुपटीच्याही वर जातो. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केलाय ना मॅडम, असं विचारतात, कोब्याने वॉटरप्रूफिंग होतं, थोडी उष्णता अडते, पण एकटा पोचत नाही. त्याच्याखाली दोन इंच इन्सुलेशनचा थर टाका, सुटला प्रश्न. मराठवाड्यात माळवदाच्या घरात दुपारी झोपलाय का कुणी? हातभर मातीखाली? त्यांना यू-व्हॅल्यू माहीत नव्हती एवढंच.

कार्बनचं विचारलं होतं कुणीतरी. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पकडतात. बेडरूमचा एसी रात्रीत दहा युनिट खात असेल तर सात किलो, उन्हाळ्याच्या नव्वद रात्री म्हणजे सहाशे तीस किलो, एका खोलीचे. पण बांधतानाचा कार्बन वेगळाच, सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे तीसेक किलो धरा, आणि २०१८ चा कोड हे मोजतच नाही. त्यामुळे सगळी भिंत काँक्रीटची ओतून वर इन्सुलेशन चिकटवून तुम्ही पास होऊ शकता, आणि कार्बनचं विचाराल तर कागदावर कुणीच विचारणार नाही. मला हे पटत नाही. आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत, यूडीसीपीआरमध्ये, ग्रीन रेटिंगला ३, ५, ७ टक्के जास्तीचा एफएसआय मिळतो, तो हवा म्हणून तरी लोक माझ्याकडे येतात, कार्बन वाचवायला कुणी येत नाही.

एक तुलना करते. इंग्लंडमध्ये पार्ट एल म्हणून नियम आहे, २०२२ च्या जूनपासून नवीन घरांना आधीपेक्षा साधारण ३१ टक्के कमी कार्बनचं टार्गेट आलं. त्यातलं मला आवडलेलं वेगळंच आहे. प्रत्येक नव्या घरात पंख्याने हवा भरून गळती मोजतात, आणि इन्सुलेशन झाकायच्या आत त्याचा फोटो काढून रेकॉर्डला ठेवायला लागतो. फोटो! मिस्त्रीने कोपरा सोडला की दिसणार. आपल्याकडे मी एक्सेल भरते, एएसी लिहिते आणि साइटवर काय लागलं ते बघायला मला कुणी बोलावत नाही. एकदा स्वतःहून गेले तर लिफ्टच्या बाजूची सगळी भिंत काँक्रीटची निघाली, म्हणे स्ट्रक्चरलवाल्याने बदलली. माझं सर्टिफिकेट तोवर फाइलला लागलेलं.

आता तुमचा प्रश्न, फाइव्ह स्टार एसी घेतला तर भिंत कशीही चालेल का. नाही चालणार, आरईटीव्हीच्या गणितात एसीचा कॉलमच नाही. गळक्या बादलीला मोठा नळ, तसं होईल ते.

आणि माझ्या घरी काय, हा प्रश्न येतोच. सध्याच्या फ्लॅटची बेडरूम पश्चिमेला, छज्जा जेमतेम फूटभर, पण पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, छज्ज्याखालून सरळ आत. म्हणून मी बाहेरच्या बाजूने बांबूचा पडदा सोडला, दुपारी तीनला खाली, सहाला वर. आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नसतो, ऊन एकदा काचेच्या आत आलं की आलं. कोडात याला मार्क नाहीत, तिथे कायमची बांधलेली सावलीच धरतात, पण खोलीत फरक पडला. तर सोसायटीकडून नोटीस आली, एलेव्हेशन खराब होतंय, पडदा काढा. मी उत्तरात पासष्टचं गणित लिहून पाठवलंय, दोन पानं, आकृतीसकट. कमिटीची मीटिंग रविवारी आहे.