प्रेसमध्ये बोट का जातं?

[दृश्य: प्रेस शॉप. कॅमेरा डायच्या, म्हणजे खालच्या साच्याच्या उंचीवर. रॅम खाली-वर होतोय.]

हा पन्नास टनी सी-फ्रेम पॉवर प्रेस. मागचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, अखंड फिरतंय. ऑपरेटर डाव्या हाताने पत्र्याचा कापलेला तुकडा, म्हणजे ब्लँक, डायवर ठेवतो आणि पेडल दाबतो. रॅम खाली येऊन वर जातो, उजवा हात तयार पीस उचलून बिनमध्ये टाकतो. लगेच पुढचा ब्लँक. मिनिटाला दहा पीस धरले, तर सात तासांच्या कामात ४,२०० वेळा हात पंचखाली, म्हणजे रॅमला बसवलेल्या वरच्या साच्याखाली, जाऊन बाहेर येतो.

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज. स्टँपिंगची कामं घेणाऱ्या शेडमध्ये असे प्रेस ओळीने उभे असतात. एखाद्याचं बोट गेलं की अपघाताच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द पडतो: निष्काळजीपणा. भिंतीवर ‘सावधानी हटी, दुर्घटना घटी’ची पाटी आधीपासून असतेच. त्या पाटीने आजवर एकही पंच अडवलेला नाही. ४,१९९ वेळा हात वेळेवर बाहेर काढणाऱ्याला एका स्ट्रोकवरून निष्काळजी ठरवलं, की चौकशी तिथेच संपते आणि मशीनकडे कुणी बघत नाही.

आपण मशीनकडे बघू.

[दृश्य: ऑपरेटरचा पाय, पेडलवर अधांतरी.]

पहिली गोष्ट पायाची. हात आणि पाय एका लयीत बसले की पाय त्या लयीवर चालतो, त्याला वेगळा हुकूम लागत नाही. शिवणयंत्रावर हेच कौशल्य ठरतं. इथे एखादा पीस डायमध्ये चिकटतो, तो सोडवायला हात आत जातो, आणि पाय मात्र आपल्या ठरलेल्या वेळी खाली येतो. पेडल जमिनीपासून उंच असेल तर दर वेळी पाय उचलून ठेवणं जड जातं. मग माणूस पाय पेडलवरच टेकवून ठेवतो आणि सगळा भार दुसऱ्या पायावर घेतो. दोन तासांनी कंबर भरून येते, भार बदलताना पेडल दाबलं जातं. म्हणून जिथे पेडल ठेवावंच लागतं, तिथे त्यावर वरून आणि बाजूंनी झाकण हवं, म्हणजे वरून पडलेला पीस किंवा चुकलेला पाय त्याला लागणार नाही. पेडल जमिनीलगत हवं, आणि ऑपरेटरला टेकायला योग्य उंचीचं स्टूल. मुळात हात डायमध्ये जात असेल, तर उघड्या पेडलवर तो प्रेस चालवूच नये.

दुसरी गोष्ट वेळेची. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसवर क्रँकचा पूर्ण फेरा एक सेकंदाचा, म्हणजे रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद. काहीतरी चुकतंय हे दिसल्यापासून हात हलायला साधारण पाव सेकंद जातो. उरला पाव सेकंद. त्यात बोटं बाहेर निघतीलही, पण चिकटलेल्या पीसवर घट्ट धरलेली बोटं आधी सोडवावी लागतात.

[दृश्य: जवळून – पिन क्लच, लॅच, स्प्रिंग.]

आता क्लच, म्हणजे फिरतं फ्लायव्हील क्रँकशाफ्टला जोडणारा आणि सोडणारा भाग. जुन्या आणि स्वस्त प्रेसवर पिन किंवा की क्लच असतो. पेडलने लॅच ओढली की पिन फ्लायव्हीलच्या खाचेत शिरते आणि क्रँकशाफ्ट एक फेरा मारते. फेरा संपताना कॅम पिनला बाहेर काढतो. या रचनेत एकदा पिन शिरली की स्ट्रोक मध्येच थांबवता येत नाही. पिनची कड झिजून गोल झाली, लॅचची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक ढिला पडून शाफ्ट वरच्या टोकाला न थांबता पुढे सरकली, तर पेडल न दाबताच दुसरा स्ट्रोक येतो. शॉपमध्ये याला ‘प्रेस डबल मारतो’ म्हणतात. पीस काढायला गेलेला हात नेमका तेव्हा आत असतो. लॅचसाठी ताणाची स्प्रिंग वापरली तर ती तुटताक्षणी सुटते. दांड्यावर बसवलेली, वेढे एकमेकांच्या जवळ असलेली दाबाची स्प्रिंग तुटली तरी तुकडे दांड्यावरच राहतात आणि लॅच जागेवर टिकते. फरक दोन स्प्रिंगांच्या किमतीतला, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

ऑडिट जवळ आलं की बऱ्याच शेडमध्ये सेन्सर बसवला जातो. पुढे लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा), हिरवा दिवा, फोटो छान येतो. पिन क्लचच्या प्रेसवर हा सेन्सर म्हणजे निव्वळ देखावा. हात आडवा आला हे त्याला कळतं, पण सुरू झालेला स्ट्रोक तो थांबवणार कसा? अशा प्रेसवर पेडलऐवजी दोन हातांनी दाबायच्या दोन बटणांचाही हिशेब कठीण आहे. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. फ्लायव्हीलला पिन शिरण्याची एकच खाच असेल, तर बटण दाबल्यावर वाईटात वाईट धरून पूर्ण एक फेरा वाट बघण्यात आणि अर्धा फेरा खाली येण्यात जातो. ६० स्ट्रोकला हा दीड सेकंद. १.६ गुणिले १.५, म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटर लांब हवीत. चार खाचा असतील तर वेळ पाऊण सेकंद, अंतर १.२ मीटर. २.४ मीटरवर उभं राहून प्रेस कोण चालवणार? म्हणून एक खाचेच्या प्रेसला स्थिर गार्ड, किंवा बंद झाल्याशिवाय क्लच लागणार नाही असा इंटरलॉक गार्ड, हाच उपाय.

[दृश्य: न्यूमॅटिक क्लचचा प्रेस. मोजपट्टी कर्टनपासून डायपर्यंत.]

हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच-ब्रेक असेल तर स्ट्रोक कुठेही थांबतो, आणि तिथे कर्टन खऱ्या अर्थाने काम करतो. १४ मिलिमीटर जाडीची वस्तूही पकडणाऱ्या कर्टनचा हिशेब साधा आहे. जवळच्या अंतराला हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरायचा आणि थांबायला लागणाऱ्या एकूण वेळेने गुणायचा. एकूण वेळ ०.२ सेकंद असेल तर कर्टन डायपासून ४०० मिलिमीटर. ब्रेकचं लायनिंग झिजून ही वेळ ०.२५ झाली की ५०० हवं. पण कर्टन तर ४०० वरच बोल्टने आवळलेला. दिवा हिरवा, संरक्षण गेलेलं. थांबण्याची वेळ मीटर लावून ठरावीक मुदतीने मोजायची आणि तारखेसह प्रेसवर लिहायची. कर्टन फक्त पुढून असतो. बाजूने हात घालणाऱ्या हेल्परसाठी दोन्ही बाजूंना जाळी लागतेच.

दोन बटणांचा नियम असा. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही. एका हाताच्या पंजात दोन्ही येऊ नयेत म्हणून त्यांच्यात किमान २६० मिलिमीटर अंतर, कोपर आणि हात मिळून दाबता येऊ नयेत म्हणून ५५०, किंवा मध्ये आडपडदा. उंची कोपराच्या जवळपास. खांद्याच्या वर बसवलेली बटणं शिफ्टमध्ये हजारो वेळा दाबून खांदा धरतो, आणि मग कुणीतरी शॉर्टकट शोधतो. प्रेसवर दोघे असतील तर बटणांच्या दोन जोड्या.

[दृश्य: डावं बटण, त्यात लाकडी पाचर. वर चिकटपट्टी.]

हे दृश्य नीट बघा. बटणात पाचर ठोकलेली आहे; दोन्ही बटणं सोडण्याचा नियम ज्या प्रेसच्या सर्किटमध्ये बसवलेला नाही, तिथे ती चालून जाते. सुपरवायझर ती काढतो, झापतो, दुसऱ्या दिवशी पाचर परत येते. इथे विचारायचा प्रश्न एकच: त्या वेळी डावा हात काय धरून होता? बहुतेकदा उत्तर डायवरच दिसतं. पत्रा लांब आहे, टेबलाबाहेर लोंबतो, न धरल्यास वाकडा बेंड पडतो. किंवा लोकेटिंग पिन झिजलीय आणि ब्लँक सरकतो. ऑपरेटरला तिसरा हात लागतो, तो नाही म्हणून पाचर आली. पत्र्याखाली रोलरचा आधार द्या, चुंबकाचा स्टॉपर लावा, पिन बदला. इतकं केल्यावरही पाचर दिसली, तर मग टार्गेटचा कागद बघा.

सगळ्यात चांगला उपाय मात्र हात डायपाशी जाण्याची गरजच काढून टाकतो. पंच आणि स्ट्रिपर (पंचावरून पत्रा सोडवणारी प्लेट) यांच्यातली फट ६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवता आली तर बोट आत शिरत नाही. गार्डला ब्लँक सरकवण्यापुरती १२ मिलिमीटर उंचीची चीर ठेवली, तर ती धोक्याच्या जागेपासून किमान १०० मिलिमीटर दूर हवी. ब्लँक घसरगुंडीवरून किंवा ड्रॉवरसारख्या सरकत्या फीडमधून आत न्यायचा. पीस बाहेर काढायला स्प्रिंगचा इजेक्टर, हवेचा झोत, किंवा प्रेस मागे कलवून मागच्या च्यूटमध्ये पडू द्यायचा. चिकटलेल्या पीससाठी चिमटा ॲल्युमिनियमचा, म्हणजे पंचखाली आला तर चिमटा चेपतो, डाय वाचतो. लोखंडी सळई दिली की डाय फुटण्याच्या भीतीने ऑपरेटर पुन्हा बोटंच घालतो.

ऑपरेटर बदलतात तेव्हा आणखी एक घोटाळा होतो. कंत्राटी कामगार आज एका प्रेसवर, उद्या दुसऱ्या. एकीकडे लाल थांबा-बटण उजवीकडे, दुसरीकडे डावीकडे. एकीकडे पेडल, दुसरीकडे बटणं. घाईच्या क्षणी हात जुन्या जागी जातो. एका शॉपमधल्या सगळ्या प्रेसची थांबा-बटणं एकाच जागी बसवणं हे वायरमनचं थोडक्या वेळाचं काम आहे.

[दृश्य: सेटर डाय बदलतोय.]

सेटरचा धोका वेगळा. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत हात आत नाही. मग रॅम आणि बोल्स्टर (डाय बसते ती जाड प्लेट) यांच्यामध्ये सेफ्टी ब्लॉक, म्हणजे रॅम खाली येऊ न देणारा ठोकळा, उभा करायचा. ब्लॉकला साखळीने जोडलेला प्लग काढल्याशिवाय ब्लॉक त्याच्या ठेवण्याच्या जागेवरून उचलता येत नाही, आणि प्लग काढला की मोटरचा करंट तुटतो, ही जोडणी सर्वात भरवशाची. फ्लायव्हील फिरवायला घातलेला बार तसाच राहिला आणि मोटर सुरू झाली, तर बार गोळीसारखा सुटतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोक्याच्या भागांना भक्कम आडोसा घालणं बंधनकारक केलं. बोट गेल्यावरचे आकडे कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या अनुसूचीत होते: कमाईची क्षमता अंगठ्यासाठी ३० टक्के, संपूर्ण तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२, करंगळीसाठी ७ टक्के गेली असं धरत.

[दृश्य: शॉपमधला फळा. खडूने लिहिलेलं ताशी टार्गेट.]

राहता राहिला टार्गेटचा कागद. ताशी पीसचा आकडा बहुतेकदा गार्ड बसवण्यापूर्वीच्या जुन्या वेळेवरून काढलेला असतो, किंवा सगळ्यात चपळ ऑपरेटरच्या सकाळच्या पहिल्या तासावरून. गार्ड, इजेक्टर, बटणं बसवल्यावर स्टॉपवॉच पुन्हा हातात घ्यायचं. वेगवेगळ्या तासांत, दुपारनंतरचे तास धरून, दोन-तीन ऑपरेटरांची वेळ मोजायची, त्यात ब्लँकचा गठ्ठा फोडणं, स्क्रॅप काढणं आणि पाणी प्यायला जाणंही धरायचं. जो आकडा येईल तोच फळ्यावर लिहायचा, आणि जुना आकडा इन्सेंटिव्हच्या तक्त्यातूनही खोडायचा.